मी घरातच होते

आधी आमच्या अण्णांचा आवाज कसा होता ते सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं काहीच कळणार न्हाई. अण्णा, म्हंजे माझे वडील, एसटीत कंट्रोलर होते. कुठली गाडी कधी लागली, कधी सुटली ते लिहायचं, आणि माईकवरून सांगायचं. लाइट गेली की माईक बंद, मग अण्णा सरळ खिडकीतून डोकं बाहेर काढायचे, "गंगाखेड, परभणीऽऽ! चला, लागली गाडी!" आणि पार रसवंतीपाशी बसलेले लोक हातातले गिलास ठेवून पळत यायचे. रिटायर होऊन त्याच गावात, पालमलाच, घर केलं तरी आवाज तोच. भाजीत मीठ कमी पडलं तरी गल्लीला कळायचं.

अशा माणसाला मी कुजबुजायला लावलं. मीच लावलं.

मी पुण्यात कामाला होते, ऑनलाइन सामान विकणाऱ्या एका कंपनीच्या तक्रारीच्या फोनवर. दिवसभर हेडफोन, दिवसभर "सर, आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत." चौघी एका खोलीत, मेसची पाणीदार आमटी, रविवारी कपडे धुवायला नंबर. आणि एक दिवस कंपनीचा मेल आला की ज्यांना पायजे त्यांनी आपापल्या गावाहून काम करावं. मी चार मिनिटांत हो म्हणून उत्तर पाठवलं! चार पण न्हाई, तीन असतील. सकाळी आईच्या हातची गरम भाकर, अण्णांसोबत चहा, माझी खोली, माझी खिडकी. विचार करायला होतंच काय त्यात?

आमचं घर तीन खोल्यांचं. पुढं बैठक, मधी माझी खोली, मागं सैपाकघर. इंटरनेटची वायर अण्णांनी स्वतः उभं राहून ओढून घेतली, वायरमनला सूचना देत, आणि त्या सूचना चौकापर्यंत ऐकू गेल्या.

पहिल्याच आठवड्यात माझे मार्क कटले. आमचे कॉल रेकॉर्ड होतात आणि एक वेगळी टीम ते ऐकून मार्क देते. आमच्या टीम लीडर मॅडमनी मला ती रेकॉर्डिंग ऐकवली. त्यात मी म्हणायले, "सर, आपली तक्रार नोंदवून घेते," आणि मागून अण्णा, "अगं, ती परात कुठं ठिवलीस?" मग मी, "दोन दिवसांत आपल्याला उत्तर मिळेल," आणि अण्णा, "सापडली, सापडली!"

मॅडम हसल्या. मी पण हसले. पण फोन ठेवल्यावर मला लय राग आला, आणि मी बाहेर येऊन अण्णांना नको तितकं बोलले. माझी नोकरी घालवता का, असंच काहीतरी.

"म्हंजे माजा आवाज पार पुण्याला गेला म्हण की," अण्णा आईकडं बघून म्हणाले. चेष्टा करायला गेले, पण त्यांचं तोंड उतरलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते बाजारातून शाळेतल्या पोरांची असती तसली पाटी घेऊन आले. माझ्याकडून सगळ्या वेळा विचारून घेतल्या. दहा ते सव्वाबारा काम, मग पंधरा मिनिटं सुट्टी, मग परत काम. वेळापत्रक सुंदर अक्षरात लिहून भिंतीवर लावलं, आणि पाटी माझ्या दारावर टांगली. मी आत बसले की त्यावर खडूनं लिहायचे, "गाडी लागली". मी बाहेर आले की, "गाडी सुटली".

"उलटं पायजे ना अण्णा? काम सुरू झालं की सुटली."

"तुला काय कळतंय? गाडी फलाटावर हाय तोवर कंट्रोलरनं जागा सोडायची न्हाई."

शेजारच्या काकू एकदा बैठकीत आल्या. दाराआडून मला सगळं ऐकू येत होतं. "पोरगी घरीच हाय ना? तिला म्हणा, माजं लाइटबिल भर बरं मोबाइलवरून."

"ड्युटीवर हाय ती," अण्णा हळूच म्हणाले.

"घरात बसून कसली वो ड्युटी?"

"मी काय गाडीच्या टपावर बसून ड्युटी करत होतो का? खुर्चीवरच बसत होतो ना?"

मी आत गालातल्या गालात हसले. लय भारी वाटलं मला. पुण्याच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर मी हे सगळं लगेच टाकलं, पाटीच्या फोटोसकट. कुणी विचारलं की आपल्याला जमंल का गं घरून काम, तर मी हे एवढं मोठं लिहायचे. दार पायजे, वेळा पायजेत, आणि घरच्यांना शिस्त लावायला पायजे. हेच शब्द होते माझे. घरच्यांना शिस्त लावा.

शिस्त लागली पण. आई कुकर सकाळीच उरकून घ्यायला लागली, शिट्टी नको म्हणून. अण्णा टीव्हीचा आवाज बंद करून बातम्या बघायचे, खाली पट्टी पळती ती वाचत. खोकला आला तर टॉवेल तोंडात धरून सैपाकघरात जायचे. दोघं बोलायचे ते असं, जसं कुणाचं लेकरू नुकतंच झोपलंय. मला हे सगळं दिसत होतं. मला वाटायचं, शिकले हे आता.

दोन वर्षं असंच चाललं.

तो मंगळवार होता. दहाला मी आत बसले, अण्णांनी पाटीवर लिहिलं. साडेदहानंतर एक गृहस्थ फोनवर आले, साताऱ्याकडचे. त्यांच्या मिक्सरचं झाकण फुटकं आलं होतं. बदलून दिलेलं पण फुटकं आलं होतं. त्यांना सगळं पहिल्यापासून सांगायचं होतं, आणि मला सगळं ऐकून घ्यायचं होतं. त्यांचं झालं की दुसरा कॉल, मग तिसरा. चांगले कॉल गेले त्या दिवशी माझे. मागून कसलाच आवाज न्हाई.

बाहेर काय झालं ते मला नंतर आईकडून तुकड्यातुकड्यात कळलं.

दहा चाळीसला अण्णांच्या हातून चहाचा कप सुटला. आई म्हणाली, "अवो, धरा की नीट." त्यांनी वर बघितलं तर तोंड एका बाजूला ओढलेलं. आई माझ्या दाराकडं निघाली, तर त्यांनी डाव्या हातानं तिचं मनगट धरलं. बोलणं फुटत नव्हतं, पण एक शब्द तिला कळला. ड्युटी. आणि मग त्यांनी घड्याळाकडं बोट केलं. सव्वाबाराला सुट्टी, तोवर थांब.

आईला वाटलं, हात आखडला असंल, पित्त झालं असंल. तिनं त्यांना आडवं केलं, हाताला तेल चोळलं. दोन वेळा माझ्या दारापाशी येऊन उभी राहिली. पाटीवर त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं. दोन वेळा परत गेली. मग तिनं सैपाकघराचं दार आतून लावून घेतलं, मला त्रास नको म्हणून, आणि माझ्या थोरल्या भावाला फोन लावला, संभाजीनगरला. आणि फोनवर पण कुजबुजायलती.

"आई, मोठ्यानं बोल, काहीच ऐकू येईना!"

"मोठ्यानं न्हाई जमत रे. ती कामात हाय."

दादानं मला चार फोन केले. माझा मोबाइल टेबलावर पालथा, आवाज बंद. मग त्यानं परत आईला फोन केला आणि ओरडला, "जा आणि दार वाजव तिचं! फोड ते दार!"

आईनं वाजवलं. एका बोटाच्या पेरानं, टक टक, आणि दार जरासं ढकललं. बारा वाजून पाच मिनिटं झाली होती. मी एका बाईंचा पत्ता लिहून घेत होते. मी मागं वळून न बघता हात वर केला आणि पाच बोटं दाखवली. पाच मिनिटं थांब.

ती थांबली. पाच मिनिटं.

यापुढचं मला नीट सांगता येत न्हाई. जीप मिळाली, गंगाखेडला नेलं, तिथल्या डॉक्टरनी बघताच पुढं न्यायला सांगितलं, परभणीला पोचायला तीन वाजून गेले. अण्णांचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि मी मोबाइलवर काहीबाही शोधायलते, वाचायलते, त्यांचं नाव घेऊन हाका मारायलते. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना नावानं हाक मारली.

परभणीच्या डॉक्टरनी विचारलं, "कधी सुरू झालं हे?"

"दहा चाळीसला," आई म्हणाली. एकदम बरोबर वेळ. कंट्रोलरची बायको ती.

डॉक्टरांनी घड्याळ बघितलं. तपासणीचा फोटो काढून आणला, परत घड्याळ बघितलं. एक इंजेक्शन असतं म्हणाले, पण ते ठरावीक वेळेच्या आत द्यावं लागतं, आता ती वेळ निघून गेली. "एवढा उशीर का केला? घरात कुणी नव्हतं का?"

"होती की. पोरगी होती," आई म्हणाली. मग माझ्याकडं बघून घाईघाईनं म्हणाली, "पण ती कामात होती."

डॉक्टर कागदावर लिहायला लागले.

अण्णांची उजवी बाजू गेली, आणि वाचा गेली.

दवाखान्याच्या बाकड्यावर मी आईला विचारलं. विचारलं म्हंजे भांडलेच. का आली न्हाईस आत? दहा पावलं होती! मी काय परक्या मुलखात होते का?

आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. म्हणाली, "तू पुण्यात असतीस तर मी तवाच फोन लावला असता बाई."

तिनं टोमणा न्हाई मारला. मला कळलं असतं टोमणा असता तर. ती खरंच विचार करून, शोधून, जे सापडलं ते सांगायलती. लांब असलेल्या माणसाला फोन लावता येतो. दाराआडच्या माणसाला काय लावायचं?

महिन्यानं आमी अण्णांना घरी आणलं. चाकाची खुर्ची आणली. तेवढ्यात कंपनीचा नवीन मेल आला. आता ज्यानं त्यानं एकदाच काय ते ठरवून टाका, कायमचं घरून, न्हाईतर एक तारखेपासून पुण्याच्या ऑफिसात. सोबत प्रश्नांचं एक पान. घरून काम करणं तुमच्यासाठी योग्य आहे का? स्वतंत्र खोली आहे का? कामाच्या वेळेत घरातली माणसं व्यत्यय आणतात का?

मी त्या प्रश्नाकडं बघत बसले. न्हाई. आमच्या घरातली माणसं बिलकुल व्यत्यय आणत न्हाईत.

सगळ्यांचं माझ्यासाठी ठरलेलंच होतं. दादा फोनवर म्हणाला, "घरूनच कर. आईला तुझाच आधार हाय. मला इथून काय जमणार?" काकू म्हणाल्या, "बरं बाई, पोरगी घरीच असती." एकटी आई म्हणायची, पुण्याला जा. अण्णांना पेज भरवता भरवता, माझ्याकडं न बघता. "जा तू. तिथं असलीस की मला कसं, हक्कानं फोन लावता येतो. तू पण उचलतीस."

मी जवळजवळ जायचं ठरवलं होतं. खोटं कशाला बोलू? मला त्या घरातून पळायचं होतं. पुण्यातल्या एका मैत्रिणीनं त्याच आठवड्यात विचारलं की तिनं सोलापूरला, तिच्या घरी जाऊन काम करावं का, तू सांग, तुझं तर मस्त चाललंय. मी लिहायला घेतलं. माझी बोटं लय पळतात, मिनिटात पानभर होतं. पानभर लिहिलं आणि सगळं पुसलं. मग नुसतं लिहिलं, विचार करून सांगते. अजून सांगितलं न्हाई.

तोवर कामावर तर बसावंच लागत होतं. मी दार उघडं ठेवायचे. पण अण्णांना आता एकच आवाज काढता यायचा, "आऽ आऽ", आणि तो कधी येईल, किती मोठा येईल, ते त्यांच्या हातात नव्हतं. एका ग्राहकानं विचारलं, "मॅडम, कोण ओरडतंय तिथं?"

"माझे वडील."

"काय म्हणतायत?"

"माहीत न्हाई सर. तुमचा ऑर्डर नंबर सांगा."

परत मार्क कटले. टीम लीडर मॅडमनी प्रेमानंच सांगितलं, थोडे दिवस दार लावून बसा. मी अण्णांच्या पायाशी बसून त्यांना समजावलं. "अण्णा, मी दार लावणार हाय. पण काहीपण लागलं, पाणी लागलं, नुसतं बोलवावं वाटलं, तरी ही काठी दारावर हाणायची. मोठ्यानं. कॉल गेला खड्ड्यात. कळलं?" त्यांनी मान हलवली. डाव्या हातात काठी घट्ट धरून दाखवली.

तिसऱ्या दिवशी आई गोळ्या आणायला गेली होती. सव्वाबाराला मी हेडफोन काढला आणि दार उघडलं, तर अण्णांची खुर्ची दाराला चिकटून उभी. बैठकीतून तिथपर्यंत ते एका हातानं चाक ढकलत आले होते. काठी मांडीवर होती. आणि मांडीवरची चादर ओली होती, खाली फरशीपर्यंत.

ते माझ्याकडं बघत नव्हते. भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होते.

"अण्णा, वाजवलं का न्हाई?"

त्यांनी काठी हळूच खुर्चीच्या कडेला सारली. लहान पोरं फुटलेली वस्तू लपवतात तशी.

मी त्यांचे कपडे बदलले. तोवर ते सगळं आई करायची, मी पहिल्यांदा केलं. त्यांनी डोळे मिटून घेतले ते शेवटपर्यंत उघडले न्हाईत. मी तोंडाला येईल ते बडबडत होते, मिक्सर, झाकणं, नाशिकच्या एका बाईला चुकून क्रिकेटची बॅट गेली ती, सगळं. थांबले असते तर रडले असते, आणि रडले असते तर त्यांना अजून लाज वाटली असती.

दुपारच्या सुट्टीत मी मॅडमना फोन केला. म्हणलं, मला फोनवरून काढा आणि चॅटवर टाका. चॅटवर बोलायचं नसतं, नुसतं टाइप करायचं, एकाच वेळी तीन-तीन ग्राहकांशी. आवाजाचा प्रश्नच न्हाई. दाराचा पण न्हाई.

"अगं, पण ट्रेनरसाठी तुझं नाव पाठवलंय मी," मॅडम म्हणाल्या. "चॅटवर गेलीस की ते गेलं. परत यायला मिळत नाही, माहितीये ना?"

"माहितीये मॅडम."

"त्यापेक्षा पुण्यालाच ये ना. आई आहे ना घरी? काही झालं तर फोन करतील तुला."

"आई करील," मी म्हणाले. "अण्णांना फोनवर बोलता येत न्हाई."

मॅडम मग म्हणाल्या, पाठव मेल.

आता माझं टेबल बैठकीत हाय, अण्णांच्या खाटेला लागून. मी टाइप करायलेली असते आणि ते माझ्या बोटांकडं बघत असतात. मधीच त्यांचा हात खाटेवरून खाली आला की माझ्या खुर्चीला लागतो. पहिल्या दिवशी मी दोघांना सांगितलं की आता या घरात कुणीपण कितीपण मोठ्यानं बोललं तरी चालतंय. कुकर लाव, टीव्हीचा आवाज वाढव, खोका. पुण्याला काहीच ऐकू जात न्हाई, खरंच. आई हो हो म्हणाली आणि पायांचा आवाज न करता आत गेली.

परवा सकाळी मी तीन चॅट उघडून बसले होते. सैपाकघरात आईच्या हातून ताट पडलं, गरगर फिरत मोठा आवाज करून थांबलं. आई दारात आली. अण्णांनी मान तिच्याकडं वळवली, डावा हात कष्टानं वर आणला, आणि एक बोट ओठांवर ठेवलं.

"चुकलं," आई कुजबुजली आणि आत गेली.

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. अण्णा माझ्याकडं बघत होते, बोट अजून ओठांवरच. मी परत टाइप करायला लागले.